नाव छापलं नाही म्हणून बातमी खोटी?

व्हॉट्सअ‍ॅपवर या गटातून त्या गटात एक मजकूर फिरतोय. त्याचा आशय असा: बातमीत ‘सूत्रांनी सांगितले’ दिसलं की ती बनावट समजा. खरं बोलणाऱ्याला नाव लपवावं लागत नाही. पत्रकारांना कायद्याचं कवच आहे, म्हणून ते वाट्टेल ते लिहितात. तेव्हा नावाशिवाय बातमी छापायला बंदीच घाला.

यामागचा वैताग मला कळतो. ‘खात्रीलायक सूत्रां’च्या हवाल्याने मंत्रिमंडळ विस्ताराचे मुहूर्त पुन्हा पुन्हा पुढे सरकताना ज्याने पाहिलेत, त्याला या शब्दाची शिसारी आली तर नवल नाही. पण आजार एक आणि औषध भलतंच, असा हा प्रकार आहे.

“खरं बोलणाऱ्याला भीती कशाची?”

बदलीची, निलंबनाची, खात्याअंतर्गत चौकशीची. सत्येंद्र दुबे हे सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावरचे अभियंता. त्यांनी वर्तमानपत्राकडे धावही घेतली नव्हती. रीतसर वाट धरली होती. २००२ मध्ये त्यांनी कामातल्या गैरव्यवहाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. तो लुटीच्या प्रयत्नात झाला असं न्यायालयात ठरलं, त्यामुळे पत्राशी त्याचा थेट धागा मी इथे जोडणार नाही. पण विनंती करूनही नाव फुटलं, एवढं निर्विवाद आहे. या प्रकरणानंतरच्या गदारोळातून पुढे जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा झाला, २०१४ मध्ये. त्याची अंमलबजावणी अजून सुरू झालेली नाही. झाली तरी तो ठरावीक अधिकाऱ्याकडे तक्रार करणाऱ्यासाठी आहे, पत्रकाराशी बोलणाऱ्यासाठी नाही.

“सूत्र म्हणजे घरी बसून रचलेली गोष्ट.”

असं झालेलं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने सप्टेंबर १९८० मध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी छापली. लेखिका जॅनेट कुक. जिवाला धोका आहे असं सांगून तिने मुलाची ओळख संपादकांनाही दिली नाही आणि त्यांनी ती मागितली नाही. १९८१ मध्ये पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं, पाठोपाठ मुलगाच नसल्याचं उघड झालं आणि पारितोषिक परत करावं लागलं. गंमत म्हणजे तेव्हा शहर विभागाचे संपादक होते बॉब वुडवर्ड, वॉटरगेट या अमेरिकी राजकीय घोटाळ्याच्या बातम्यांतल्या आपल्या सूत्राचं नाव जपून ठेवणारे. इथे नडलं ते वाचकाला नाव न सांगणं नव्हे, तर संपादकाने न विचारणं. वाचकापासून लपवलेलं नाव कार्यालयात किमान एका वरिष्ठाला माहीत हवं, हा शहाणपणा असल्या ठेचांमधूनच आला.

पण या मुद्द्याला खरं उत्तर बोफोर्स तोफांच्या खरेदीच्या प्रकरणात आहे. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने दलालीचा आरोप केला. पुढे ‘द हिंदू’मध्ये चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांनी जे छापलं त्याचा पाया होता कागद: पैसे कुठल्या खात्यात गेले त्याच्या नोंदी, कंपनीचे प्रमुख मार्टिन आर्डबो यांच्या डायरीतली टिपणं. हे कागद सुब्रमण्यम यांना कुणी दिले, ते पंचवीस वर्षं गुलदस्त्यात राहिलं. २०१२ मध्ये तो माणूस स्वतःच पुढे आला: स्टेन लिंडस्ट्रॉम, स्वीडनमध्ये या तपासाचं नेतृत्व केलेले पोलीस अधिकारी. त्या मुलाखतीत त्यांनी हेही सांगितलं की राजीव गांधींनी लाच घेतल्याचा पुरावा नव्हता, मात्र प्रकरण दडपलं जात असताना ते पाहत राहिले. म्हणजे आपल्याला काय माहीत नाही, हेही सांगणारा माणूस.

आता त्याच मुलाखतीतला दुसरा भाग. ‘डागेन्स न्यूहेटर’ या स्वीडिश वर्तमानपत्रात अमिताभ बच्चन यांच्या कुटुंबाचं नाव या प्रकरणात गोवलं गेलं होतं. बच्चन लंडनच्या न्यायालयात गेले आणि वर्तमानपत्राला माघार घ्यावी लागली. लिंडस्ट्रॉम यांच्या म्हणण्यानुसार ती बातमी भारतीय तपास अधिकाऱ्यांनी पेरलेली होती.

एकाच घोटाळ्यात दोन्ही प्रकारचे निनावी लोक आहेत. एकाने असे कागद दिले की तो बाजूला झाला तरी बातमी उभी राहावी. दुसऱ्यांनी पुडी सोडली. फिरणारा मजकूर दोघांना एकाच पोत्यात भरतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा पुडी सोडणाऱ्यालाच होतो.

मग वाचकाने ओळखायचं कसं? मी आधी पाहतो की निनावी माणूस माहिती देतोय की मत. ‘पक्षात कुठलीही नाराजी नाही, असे एका ज्येष्ठ नेत्याने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले’: हे वाक्य छापायला नाव कशाला झाकायला हवं? असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचा नियम यावर स्पष्ट आहे: निनावी सूत्राकडून माहिती घ्या, मत किंवा अंदाज नको, तीही दुसरीकडे मिळत नसेल आणि ती त्या माणसाला ठाऊक असण्याजोगी त्याची जागा असेल तरच. आपल्याकडच्या दैनिकांतल्या राजकीय पानांना ही चाळणी लावली तर बरीच जागा जाहिरातींसाठी मोकळी होईल.

“पत्रकारांना कायद्याचं कवच आहे.”

हे तर सपशेल चूक. प्रेस कौन्सिल म्हणजे वृत्तपत्र परिषदेच्या १९७८ च्या कायद्यात, कलम १५(२) मध्ये, बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती करता येणार नाही असं म्हटलंय खरं. पण ते परिषदेपुढच्या चौकशीपुरतं. पोलीस आणि न्यायालय यांना ते लागू नाही. शिवाय परिषद छापील माध्यमांची, टीव्हीवरच्या पट्टीतली सूत्रं तिच्या कक्षेबाहेरची. विधी आयोगाने १९८३ मध्ये, ९३ व्या अहवालात, पुरावा कायद्यात पत्रकारांसाठी तरतूद सुचवली होती. ती झाली नाही. जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला; वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण त्यातही आहे, पत्रकार आणि सूत्र यांच्यातल्या बोलण्याला नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या एका न्यायालयाने तर सीबीआयचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल नाकारताना स्पष्ट लिहिलं, की तपास यंत्रणेपासून स्रोत लपवण्याची कायदेशीर सूट पत्रकारांना नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचं संरक्षण हा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा महत्त्वाचा भाग मानला. राफेल विमानखरेदीच्या फेरविचार याचिकेत सरकारने ‘द हिंदू’त छापून आलेल्या कागदांवर घेतलेला आक्षेप १० एप्रिल २०१९ ला फेटाळला गेला. याचिका मात्र नोव्हेंबरात फेटाळली. त्या वादात कागद चोरीचे असल्याचं सांगितलं जात असताना एन. राम यांनी स्रोत कुणालाही सांगणार नाही असं ठणकावलं होतं. त्यांच्या पाठीशी कलम नव्हतं, दिलेला शब्द होता.

“नावाशिवाय बातमी नको, बंदी घाला.”

अशी बंदी आली तर नेमकं कोण गप्प होईल? मंत्र्याला माइक आहे, प्रवक्ता आहे, पत्रकार परिषद आहे. तो नावानिशी बोलेल आणि हवी ती पुडी उद्या जाहीर सभेत सोडेल. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात एकाच रस्त्याचं बिल दोनदा निघालेलं पाहणाऱ्या लिपिकाला यातलं काही उपलब्ध नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, आणि परवानगीशिवाय कार्यालयीन माहिती बाहेर देणं हा त्यात गैरवर्तनाचा विषय आहे. तो बातमीदाराला फोन करतो तेव्हा पहिलं वाक्य नावाबद्दलच असतं.