ओटीतला स्वॅब ‘निल’ आला तरी… (एका सर्जनच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

“आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) दर शनिवारी फ्युमिगेशन (फॉर्मालिनचा जंतुनाशक धूर) होतं, स्वॅबचे (पुसून घेतलेल्या नमुन्यांचे) रिपोर्ट निल येतात, म्हणजे जंतू सापडत नाहीत. भुलीच्या मशीनमधून जंतू पसरतात असं लिहून तुम्ही सांगली-मिरजेच्या पेशंटना उगाच घाबरवताय. छोट्या नर्सिंग होमला दर पेशंटला नवं सर्किट (मशीनपासून पेशंटपर्यंतच्या श्वासाच्या नळ्या) परवडतं का?” असं तुम्ही मागच्या लेखाखाली लिहिलंत. तोंडावर बोललात ते बरं झालं.

मशीनच्या पोटात जंतू वाढतात, असं मी म्हटलेलं नाही. आत कोरडे वायू फिरतात, तिथे जंतूंचं फारसं जमत नाही. अमेरिकेच्या सीडीसीनं (रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं) २००३ सालीच सांगितलंय की मशीनचा आतला भाग नेहमी निर्जंतुक करत बसू नका. माझा रोख बाहेरच्या नॉबांवर आहे, आणि त्यांच्यावर फिरणाऱ्या आम्हा भूलतज्ज्ञांच्या हातांवर.

पुढच्या केसला स्क्रब होऊन उभे असाल, तेव्हा ड्रेपच्या, म्हणजे मधल्या कापडी पडद्याच्या, पलीकडे जरा बघा. डाव्या हातात लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं पात्याचं उपकरण), उजव्या हातानं श्वासाची ट्यूब आत. बोटांना लाळ लागतेच. मग त्याच ग्लोव्हनं श्वास देणारी बॅग दाबायची, एपीएल व्हॉल्व्ह (हवेचा दाब ठरवणारा नॉब) फिरवायचा, व्हेपोरायझरचा (भुलीचं औषध वायूत मिसळणाऱ्या भागाचा) डायल लावायचा, मॉनिटर बोंबलत असेल तर त्याचं बटण दाबायचं. तेवढ्यात पेशंटचं ब्लडप्रेशर पडतं आणि तोच हात थ्री-वेवर (सलाइनच्या नळीवरच्या, इंजेक्शन द्यायच्या तोटीवर) जातो. म्हणजे घशातले जंतू दोन मिनिटांत शिरेच्या दारात. ग्लोव्ह घातले होते ना? घातले होते, पण त्यांनी हात वाचला तो माझा.

अमेरिकेतल्या डार्टमथच्या डॉक्टरांनी २००८ साली ६१ ऑपरेशनांमध्ये हेच तपासलं. केस संपेपर्यंत एपीएल व्हॉल्व्ह आणि डायलवरचे जंतू वाढलेले होते, आणि ३२ टक्के केसेसमध्ये ते थ्री-वेपर्यंत पोचले होते. तुमचा शनिवारचा धूर इथे काय करणार? तो पहिल्या केसच्या आधीचा, ही घाण पहिल्या केसनंतरची. स्वॅबही आपण फ्युमिगेशननंतर, ओटी बंद असताना घेतो. पेपर आधी फोडून घेतलेली परीक्षा आहे ती. शिवाय फॉर्मालिन कर्करोगकारक आहे. सोमवारी सकाळी डोळे चोळत ओटी उघडणाऱ्या मावशींचा विचार कोण करतं?

आता आमच्या जमातीबद्दल. इथे बहुतेक भूलतज्ज्ञ फ्रीलान्स. सकाळी सांगलीत सिझर, दुपारी मिरजेत हाडाची केस, संध्याकाळी विट्याहून फोन. बॅग एकच, लॅरिंगोस्कोप तोच. ब्लेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, मिटलं, पाऊचमध्ये. मिटताना ब्लेडचं टोक हँडलला टेकतं, आणि हँडलच्या खाचांमध्ये जे बसतं ते बोळ्यानं निघत नाही. ब्लेड तोंडाच्या आतल्या त्वचेला लागतं, म्हणजे त्याला हाय लेव्हल डिसइन्फेक्शन (जवळजवळ सगळे जंतू मारणारी स्वच्छता) हवंच: आधी साबण-पाणी आणि ब्रश, मग ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात कंपनीनं सांगितलेला पूर्ण वेळ, मग स्टराइल पाण्यानं धुणं. दोन केसमध्ये एवढा वेळ मिळत नाही, म्हणून जादा ब्लेड-हँडल जवळ ठेवायचे. हा खर्च आमचा, हॉस्पिटलच्या गळ्यात मारायचा नाही.

प्रोपोफॉल या भुलीच्या इंजेक्शनबद्दलही तुम्ही “अर्धी व्हायल (बाटली) फेकायची का?” असं विचारलंय. हो, फेकायची. त्यात सोयाबीनचं तेल आहे, जंतूंना मेजवानीच. १९९० ते १९९३ या काळात अमेरिकेतल्या सात हॉस्पिटलांत ऑपरेशननंतर इन्फेक्शनच्या साथी आल्या. सीडीसीच्या तपासात बोट प्रोपोफॉलच्या हाताळणीकडेच गेलं. एक व्हायल दोन पेशंटना वाटून देणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

सर्किटच्या खर्चाबाबत मात्र तुमचं बरोबर आहे. प्रत्येक पेशंटला नवं सर्किट हवंच, असा माझा आग्रह नाही. श्वासातले जंतू अडवणारा फिल्टर दर पेशंटला नवा, वाय-पीसच्या (सर्किटच्या दोन नळ्या जिथे जुळतात त्या जोडाच्या) पेशंटकडच्या टोकाला लावलेला, आणि सर्किट बनवणाऱ्या कंपनीची परवानगी असेल तर तेच सर्किट पुढच्या पेशंटला चालतं. ब्रिटनमध्येही ही पद्धत मान्य आहे. फक्त फिल्टर धुऊन परत लावू नका. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कुठे ते विचारू नका.

बाकीच्या गोष्टींना पैसे लागतातच कुठे? ट्यूब टाकताना दोन ग्लोव्ह घालायचे आणि ट्यूब बसली की वरचा काढून टाकायचा. थ्री-वेचं तोंड स्पिरिटनं घासून मगच इंजेक्शन द्यायचं. दोन केसच्या मध्ये नॉब आणि डायल पुसायचे. हे काम कोणाचं, सिस्टरचं की टेक्निशियनचं, ते एकदा ठरवून टाका, नाहीतर ते कोणाचंच राहत नाही. आणि हँडरबची (हातावर चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली ओटीच्या दाराशी नको, भुलीच्या मशीनला अडकवा. ट्यूब धरलेला माणूस दारापर्यंत जात नाही.