‘लोकेशनसकट टाका, म्हणजे जपलं जाईल’: या सल्ल्यात काय चुकतं

आदिवासी समाजांची जुनी स्थळं, वस्तू, गाणी यांच्याबद्दल एक सल्ला सर्रास फिरतो: ‘फोटो काढा, लोकेशनसकट टाका. नेटवर गेलं की कायमचं जपलं गेलं. आणि इतिहास तर सगळ्यांचाच!’ हेतू चांगला आहे, पण तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

‘लोकेशनसकट टाका.’ थडगी उकरणाऱ्यांना, कातळावरची चित्रं खरवडून नेणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. म्हणूनच अमेरिकेच्या १९७९ च्या पुरातत्त्व संपदा संरक्षण कायद्यात स्थळांची जागा गोपनीय ठेवण्याचं स्वतंत्र कलम आहे. लोकेशन चालू असेल तर फोन फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जसेच्या तसे पोचतात. अक्षांशात दशांशचिन्हानंतर चार अंक असले की माणूस साधारण ११ मीटरच्या आत येऊन उभा राहतो. एकच अंक ठेवला तर ही अचूकता ११ किलोमीटरवर जाते, आणि वाचकाला प्रदेश कळायला तेवढं पुरतं. आकडे पुसूनही मागच्या डोंगररांगेवरून जागा ओळखता येते, तेव्हा फोटोतलं क्षितिज कापा. थ्रीडी मॉडेलमध्ये भोवतालचा उतारही येतो. तो छाटल्याशिवाय मॉडेल चढवूच नये.

‘कायमचं जपलं गेलं.’ नाही. समाजमाध्यमं फाइल दाबून लहान करतात आणि खातं बंद झालं की सगळंच जातं. मूळ फाइलच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी आणि किमान एक त्या समाजाच्याच हातात. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) नोंदवा, नाहीतर वर्षांनी कोणती प्रत शाबूत आहे ते कळणार नाही.

‘सगळ्यांचाच.’ हा मुद्दा सर्वांत जास्त नुकसान करतो. १८९० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पासामाक्वोडी या आदिवासी लोकांची गाणी-कथा मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. पुढे कित्येक दशकं त्या कोणी, कशा ऐकाव्यात हे ठरवणं त्यांच्या वंशजांच्या हाती नव्हतं. आता लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या वेबपानावर पासामाक्वोडींनी स्वतः ठरवलेली पारंपरिक ज्ञानाची लेबलं दिसतात. अशी लेबलं सांगतात की हे कोणाचं आहे, व्यापारासाठी चालेल का, ठरावीक ऋतूतच ऐकायचं का. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू या आदिवासी लोकांसोबत घडलेली मुकुर्तू ही संगणकप्रणाली आणखी पुढे जाते: कोणती नोंद कोणाला दिसावी हे समाजाच्या रीतीप्रमाणे आधीच बांधता येतं.

लेबलांना कायद्याचं बळ नसतं, आणि एकदा उतरवून घेतलेली फाइल परत मागवता येत नाही. म्हणून संमती चढवण्याआधी घ्यावी, प्रत्येक नोंदीसाठी वेगळी, आणि काढून टाकायला कोणाला कळवायचं ते पानावरच लिहावं.