अमोल पालेकरांबद्दलचं ते फॉरवर्ड

आमच्या काकांना 'गोलमाल' तोंडपाठ आहे. त्याच काकांनी काल घरच्या ग्रुपवर अमोल पालेकरांवरचं एक फॉरवर्ड टाकलं, खाली स्वतःचा शेरा : 'विचार करायला लावणारं'. सार एवढंच, की हिरोची कामं मिळेनात म्हणून हे दिग्दर्शक झाले, कुणी न पाहिलेले सिनेमे काढले आणि 2014 नंतर यांना अचानक कंठ फुटला.

कामं मिळेनात? 'गोलमाल' 1979चा, त्यासाठी फिल्मफेअरही मिळालं. लगेच 1981 मध्ये दिग्दर्शक म्हणून 'आक्रीत' : मराठीत, मानवत हत्याकांडावरून, लेखन तेंडुलकरांचं. आणि त्यातला खलनायकी मुकुटराव स्वतः पालेकरांनी केला. हिरोपण टिकवायची धडपड अशी असते होय?

'अचानक कंठ फुटला' ही तर हद्द झाली. सत्तरच्या दशकात एलकुंचवारांचं 'वासनाकांड' बसवलं तेव्हाच त्यांची सेन्सॉरशी जुंपली होती. राज्यात सरकार काँग्रेसचं. 2016 मध्ये हायकोर्टात गेले ते नाटकाची संहिता प्रयोगाआधी राज्याच्या रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडून पास करून घ्यायच्या सक्तीविरुद्ध. ही सक्ती ज्या पोलीस कायद्याच्या आधारावर उभी आहे तो 1951चा. त्यात आजचं सरकार कुठून आणलं?

आणि त्याच फॉरवर्डमध्ये म्हणे, चित्रकार 'बर्वेंच्या प्रदर्शनात राजकारण घुसवलं'. फेब्रुवारी 2019, मुंबईतलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. व्हिडिओ आहे, बघा ना एकदा! पालेकर त्याच संस्थेबद्दल बोलतायत : मुंबई-बंगळुरूच्या कलावंतांच्या सल्लागार समित्या मोडीत काढल्या, आता काय लावायचं ते दिल्लीतून ठरणार. तेवढ्यात त्यांना मध्येच थांबवतात, बर्वेंबद्दलच बोला म्हणून. प्रभाकर बर्वेंची चित्रं ज्या भिंतींवर लागली होती, त्यांवर पुढे कुणाची लागणार हे कोण ठरवणार, हा विषय बर्वेंना सोडून कसा? बोलणारा माणूस जेजे कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेला आहे, हेही फॉरवर्डवाल्याला ठाऊक नसावं.

सिनेमे गर्दी खेचणारे नव्हते, हे मान्य. 'बनगरवाडी'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून थिएटरं भरत नाहीत. आणि 'पहेली' भारतातर्फे ऑस्करला गेला असला तरी शाहरुखच्या पैशातला तो सिनेमा स्वतंत्र सिनेमात मोजू नये, पालेकरांच्या चाहत्यांनीही.

पण संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर सिनेमा काढायचं 2001 मध्ये दुसऱ्या कुणाला सुचलं होतं? 'ध्यासपर्व'मध्ये किशोर कदम कर्वे झालेत.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काका गप्प आहेत. काकूंनी विचारलंय, तो कर्व्यांचा सिनेमा कुठे बघायला मिळेल.