आज टेबलावर काय?

रात्री साडेअकराच्या सुमाराला सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरातले दिवे मालवतात, तेव्हा न्यूझीलंडात सकाळचे सहा वाजतात. तिथले एक आजोबा, वय ८१, चहाचं आधण ठेवतात आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात, "सुप्रभात मंडळी. आज टेबलावर काय?" मग ऑस्ट्रेलिया जागी होते, पाठोपाठ जपान. मी सहाला उठतो आणि दूध आणायला बाहेर पडायच्या आधी माझं उत्तर टाकतो. साडेनवाला जर्मनी, साडेअकराला इंग्लंड आणि दुपारी साडेचारला अमेरिका. ग्रुपवर सकाळ कधी संपतच नाही, ती नुसती पुढं सरकत राहते.

आम्ही सगळे रेल्वेची मॉडेल्स करणारे. "टेबलावर काय" म्हणजे सध्या हातात कोणतं काम आहे. कुणी डब्याला रंग देतोय, कुणाचं सिग्नलचं वायरिंग चाललंय, कुणी गुडघा दुखतोय म्हणून आठवडाभर टेबलापाशी बसलेलाच नाही. हेही सगळं सांगायचं असतं.

गेल्या रविवारी अगदी जवळच्या एका माणसानं मला विचारलं, "रोज सकाळी परक्या लोकांशी खेळण्यातल्या गाड्यांवर काय बोलत बसतोस?" चार माणसांत नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आमचे बाबा मिरज जंक्शनला माल कचेरीत होते. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला. बेळगावकडची लाइन पुढं कितीतरी वर्षं मीटरगेजच होती, आणि पंढरपूरकडं जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज होतीच. एकाच जंक्शनात तीन मापांचे रूळ. लहानपणी पुलावर उभा राहून मी ते बघायचो आणि मला वाटायचं, सगळीकडं असंच असतं. पुढं पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघितलं आणि त्या दिवसापासून मिरज घरात करायचं डोक्यात बसलं ते बसलंच. २०१४ साली या ग्रुपात आलो, तेव्हा माझ्याकडं एक प्लायवूड, एक इंजिन आणि तीन डबे होते.

पहिला धडा मिळाला तो खडीचा. आमचं प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं. रुळाखालची खडी साधारण ५० मिलिमीटरची धरली तर मॉडेलमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. मी क्रशरवरून काळ्या दगडाची भुकटी आणली आणि दोन चाळण्यांतून काढली. रव्याच्या चाळणीतून जी खाली पडली आणि मैद्याच्या चाळणीत जी अडकली, ती माझी खडी. सकाळी मोठ्या उत्साहानं फोटो टाकला. न्यूझीलंडच्या आजोबांनी एवढंच विचारलं, "लोहचुंबक फिरवलास का?" मी लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या भुकटीवरून नेला. कागदावर काळी बारीक लव उभी राहिली, मांजराच्या पाठीवर उभी राहते तशी. आपल्या काळ्या पाषाणात लोहाचा अंश असतो. तो तसाच रुळाखाली राहिला असता, तर मोटरच्या चुंबकानं एकेक कण वर ओढून घेतला असता आणि इंजिनाचे गिअर महिन्याभरात खाल्ले असते.

पुढचं डिंकाचं. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून ड्रॉपरनं सोडलं, तर थेंब खडीत मुरेचना. पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळायचा आणि जाताना खडीही घेऊन जायचा. ऑस्ट्रेलियातल्या ताई म्हणाल्या, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाक आणि आधी स्प्रेनं सगळं ओलं करून घे. तसं केलं, आणि दूध पोह्यात मुरावं तसा डिंक मुरला. दुसऱ्या दिवशी हात फिरवला तर एक कण हलला नाही. ताईंना ते कळवलं, तर त्यांनी उलट विचारलं की माझी बाभळीची झाडं इतकी खरी कशी दिसतात. ती तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांची आहेत. आमच्या हिनं वृंदावनातून काढून ठेवलेल्या. आता ताईंनी कुंडीत तुळस लावलीय.

गेजवरून, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावरून, मात्र आमच्यात महिनाभर वाद चालला. बाजारात १:८७ साठी जो तयार रूळ मिळतो, त्याची रुंदी १६.५ मिलिमीटर. ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाचं माप. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ नं भागलं की १९.३ येतं. म्हणजे भारतीय गाडी तयार रुळावर चालवली की ती चिंचोळ्या पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते. जर्मन काका म्हणाले, कोण मोजायला येतंय? इंग्लंडच्या काकांनी त्यांचं दुखणं सांगितलं. त्यांच्याकडची इंजिनं आकारानं लहान. जुन्या काळच्या मोटरी त्यांच्या सांगाड्यात मावेनात, म्हणून प्रमाण वाढवून १:७६ केलं आणि रूळ तोच १६.५ चा ठेवला. खरं माप १८.८३ हवं. तिकडं यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं आहेत. जपानी मित्राचं उलटंच. त्यांचा खरा रूळ १०६७ चा, प्रमाण १:१५०, म्हणजे सात मिलिमीटर पुरे, पण गाड्या धावतात नऊवर. आमची गाडी चिंचोळी, त्याची फेंगडी. एकाच पंगतीत बसल्यावर कोण कुणाला हसणार? मी शेवटी ब्रॉडगेजचा चार फुटांचा तुकडा हातानं घालायचं ठरवलं. तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या पट्ट्या स्लीपरच्या मापानं कापायच्या, दोन्ही रुळांचा शॉर्ट होऊ नये म्हणून मधोमध कानशीनं तांबं घासून टाकायचं, मग रूळ डाग देऊन बसवायचे. दोन महिने लागले. ते १९.३ मिलिमीटर बघून मला बाबांची आठवण आली, एवढंच सांगतो.

आता मूळ गोष्ट. एकदा सकाळी मी बार्शी लाइटच्या जुन्या मार्गाचा फोटो टाकला. आरगच्या पुढं, बेळंकीच्या बाजूला काढलेला. खाली लिहिलं, "इथून आमची छोटी गाडी जायची." साडेअकराला इंग्लंड उठलं आणि स्टॅफर्डशायरचे काका एकदम लिहू लागले. एरवी दोन ओळींच्या वर न लिहिणारा माणूस. त्यांच्या टेबलावर गेली सहा वर्षं लीक अँड मॅनिफोल्डची लाइन होती. जेमतेम सव्वाआठ मैलांची नॅरोगेज, १९०४ साली सुरू झालेली आणि १९३४ साली बंद पडलेली. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आमच्या बार्शी लाइटचा बापही तोच. १८९७ साली कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत त्यानं अडीच फुटी रूळ नेला. प्रत्येक चाकजोडीवर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, इंजिन असो की मालाची वाघीण, म्हणजे हलका रूळही पुरतो, हे त्याचं गणित. ते इथं सिद्ध झालं आणि मग तिकडं त्यांच्या दरीत गेलं. गेज तेच अडीच फूट. आपली लाइन वाढत वाढत १९२७ साली मिरजेला पोचली, त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला.

काकांच्या गावची लाइन जाऊन नव्वद वर्षं उलटून गेली. ती चालवलेला एकही माणूस आता तिकडं नाही. आणि आमच्याकडं त्याच घराण्यातली गाडी माझ्या डोळ्यांदेखत धावत होती. काकांनी लिहिलं, "तुमच्या गावात ती चालवलेली माणसं अजून असतील ना? त्यांना विचारा. रोज एक विचारा." मग पहिला प्रश्न त्यांनीच दिला. छोट्या स्टेशनावर इंजिनाला पाणी भरायची टाकी रुळाच्या कोणत्या अंगाला असायची?

आमच्या ओळखीत मिरजेचे एक नाना आहेत. नॅरोगेजवर फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी त्यांचा सत्कार झाला होता, मी होतो तिथं. शाल, श्रीफळ, फेटा. "नानांनी दोन शब्द बोलावेत" म्हणून माइक पुढं केला. नाना म्हणाले, "आमी आमची ड्यूटी केली. समद्यांचे आभार." आणि खाली बसले. टाळ्या झाल्या, फोटो झाले, चहा झाला. चाळीस वर्षांची नोकरी दोन वाक्यांत आटोपली आणि आम्ही सगळे समाधानानं घरी आलो. मला आज त्याचं फार वाईट वाटतं.

कारण दुसऱ्या दिवशी दूध घेऊन येताना मी वाट वाकडी करून नानांकडं गेलो आणि तो टाकीचा प्रश्न विचारला. नाना ओसरीवर दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "पंढरपूरकडं तोंड केलं तर डाव्या अंगाला. पर त्या एका टेशनावर उजवीकडं व्हती, आन्‌ तितं उतरताना माझा पाय मोडलाय." मग पाय, मग त्या स्टेशनाचा मास्तर, मग आषाढीची गर्दी, टपावर बसलेले वारकरी, चढावर गाडीचा वेग कमी झाला की खाली उतरून चालत निघणारी माणसं. पाऊण तास. दूध नासायच्या बेताला आलं. मी घरी येऊन सगळं ग्रुपवर लिहिलं. साडेअकराला काकांचं उत्तर आलं, आणि त्याच्या शेवटी पुढचा प्रश्न.

माझं म्हणणं एवढंच आहे. माणूस माइकवर बोलत नाही, तो सकाळी दात घासताना बोलतो. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" या प्रश्नाला उत्तर नसतं. "टाकी कोणत्या अंगाला होती" याला असतं, आणि त्यातून बाकीचं ओघानं येतं. आपण सांगली-मिरजेकडची माणसं माणसाचा मान ठेवण्यात कुठं कमी पडत नाही. पण मान एकदा ठेवतो आणि मोकळे होतो. ग्रुपवरच्या लोकांनी मला जे शिकवलं, ते रोज विचारणं. न्यूझीलंडच्या आजोबांनी मला एकदाही "तुला काय येतं" असं विचारलेलं नाही. आज टेबलावर काय, हेच विचारतात. मला किती येत होतं ते माझं मलाच त्यातून कळत गेलं.

ज्याला हे परक्या लोकांशी बोलणं वाटतं, त्याला एप्रिल २०१६ मधली सकाळ सांगतो. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टँकर वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. माझ्या टेबलावर त्या दिवशी काही नव्हतं, मी तसं लिहिलं आणि का ते सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या ताईंचं बालपण दुष्काळी भागात गेलेलं. त्यांनी विचारलं, गाडी पोचली का? दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तेच विचारलं. पोचली म्हटल्यावर जपानी मित्रानं लिहिलं, आज दिवस चांगला जाईल. ही माणसं मला परकी कशी वाटावीत?

बार्शी लाइटचे रूळ निघून गेले, त्या मार्गावर ब्रॉडगेज आलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगावच्या लोकांना मोठी गाडी मिळाली. मी जुन्यासाठी रडणाऱ्यांतला नाही. पण ती गाडी चालवणारे, तिचे सांधे बदलणारे, कडाक्याच्या उन्हात हातोडा घेऊन रुळावरून चालणारे लोक आज पंच्याहत्तर-ऐंशीचे आहेत. मिरजेत आहेत, पंढरपुरात आहेत, कुर्डुवाडीत तर घरोघरी असतील. तुमच्या गल्लीत कुणी असेल तर उद्या दूध आणताना त्यांच्या दारात थांबा. मोबाइल पुढं धरून मुलाखत घेऊ नका. हातात मावेल एवढा एकच प्रश्न न्या. आणि परवा पुन्हा जा.

कालची हकिगत सांगतो. नाना पहिल्यांदा माझ्याकडं टेबल बघायला आले. नातू गाडीवरून सोडून गेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. नॅरोगेजच्या नऊ मिलिमीटरच्या रुळावरून बोट फिरवलं. मग टाकीशेजारचं मंजिरीचं झाड अलगद उचललं आणि दोन इंच मागं ठेवलं. "हितं न्हवतं. हितं असतं तर सावली इंजिनावर पडली असती. आमाला कुठली आलीय सावली?"

मी ती नवी जागा पेन्सिलनं खूण करून ठेवली. नानांनी चष्मा काढून पुसला.

"त्या इंग्लंडवाल्याला एक इचार. पावसात आमचं चाक घसरायचं, मग आमी रुळावर वाळू सोडायचो. डब्यात वाळू ओली झाली की खलास. त्यांच्याकडं तर बारा म्हैनं पाऊस. त्यांनी वाळू कोरडी कशी ठिवली?"

मी तिथंच टाइप करून टाकलं. तेव्हा साडेनऊ वाजले होते. म्हटलं, नाना, तिकडं उजाडायला अजून दोन तास आहेत, उत्तर आलं की फोन करून सांगतो.

"दोन तासच न्हवं?" नानांनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "मग बसतो की."

हिनं भडंग आणलं आणि परत चहा टाकला.