पेपर भरतोय? मग वार्निश अजून कच्चं आहे

नमस्कार,

टेबलाचं वार्निश घासण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल ‘वार्निशच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे २४ तास थांबलो, तुम्ही सांगितलेल्याच ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, तरी पेपर चिकट वार्निशने भरला, ओरखडे उठले आणि शेवटी टेबलावर नकाशासारखी वळणं दिसायला लागली. तुमची पद्धतच चुकीची,’ असं तुम्ही लिहिलंय. निम्मा दोष माझा, मान्य. निम्मा त्या २४ तासांचा.

ते २४ तास कोरड्या, उबदार हवेचे. तेलातलं वार्निश आधी थिनर उडून सुकतं आणि मग हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू कडक होतं. बोटाला चिकटेनासं झालं की आपल्याला वाटतं, झालं! पण थर जाड बसला, हवा दमट असली किंवा लाकूड शिसवीसारखं तेलकट असलं, तर आतून ते कच्चंच असतं. म्हणून घड्याळ सोडा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात नख दाबा. खूण उमटली तर आज पेपर हातात घ्यायचा नाही. नाही उमटली, तर दोन-तीनदाच फिरवून बघा. पिठासारखी पांढरी भुकटी सुटली आणि फुंकरीने उडाली, तर खुशाल घासा. पेपरवर मोहरीएवढे चिकट गोळे धरले, तर थांबा. तुमचे ओरखडे त्या गोळ्यांनीच पाडलेत. भरलेला पेपर झटकून तोच परत वापरला असणार. (मीही वापरलाय.)

आता माझी चूक. पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक थर देणारं वार्निश; त्याचा नवा हात जुन्यात विरघळत नाही, त्याच्यावर नुसता बसतो. घासताना वरचा थर कुठे पार गेला, की त्याची कड रेघ होऊन दिसते. तीच तुमची वळणं. ‘शेवटी ४०० ने सपाट करा’ असं लिहून मी मोकळा झालो. सपाट करायचं ते शेवटच्या हाताच्या आधी, पेपर ठोकळ्याला गुंडाळून आणि कडांना जपून, हे लिहायलाच हवं होतं. शेवटच्या हातावर फक्त धुळीचे कण हलकेच काढायचे. मूळ लेखात दुरुस्ती करतो.

त्या रेघा पॉलिशने जाणार नाहीत. नीट वाळू द्या, सगळा पृष्ठभाग ३२० ने घासून त्याची चमक एकसारखी घालवा, भुकटी पुसा आणि वर एक पातळ, सलग हात मारा.

पेपरऐवजी स्टील वूल (बारीक पोलादी तारेचा लोकरीसारखा गुंता) वापरायचा तुमचा सल्ला मात्र पटला नाही. ते उंचवट्यांवरून आणि खळग्यांतून सारखंच फिरतं, सपाट काहीच करत नाही. त्यात वार्निश पाण्यातलं असेल, तर मागे राहिलेले तारेचे बारीक तुकडे पुढच्या हाताखाली गंजतात.