नोटरी केली म्हणजे प्लॉट नावावर झाला असं नसतं हो!

"नोटरी केलीये ना, मग काय टेन्शन नाही." हे वाक्य नाशकात इतक्या जणांच्या तोंडून ऐकतोय की आता राहवत नाही म्हणून लिहितोय, पोस्ट मोठी आहे पण घरात जागेचा काही विषय चालू असेल तर पूर्ण वाचा प्लीज.

नोटरीवाले वकीलसाहेब काय करतात तर समोर बसलेला माणूस तोच आहे का ते आधार-पॅन बघून तपासतात, तो त्यांच्यासमोर सही करतो, त्यांच्या स्वतःच्या रजिस्टरला नोंद होते आणि शिक्का बसतो. बस. 1952 च्या नोटरी कायद्याप्रमाणे अशा कागदावर त्यांचं काम एवढंच. जागा खरंच त्या माणसाची आहे का, तिच्यावर सोसायटीचं नाहीतर बँकेचं कर्ज आहे का, बहिणींची नावं लागलेली आहेत का, यातलं काहीही त्या शिक्क्यात तपासलं जात नाही. म्हणजे सही खरी एवढंच सिद्ध होतं, मालकी नाही.

ओळखीतल्या एका काकांनी मला त्यांची फाईल दाखवली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेली, शंभराचा स्टॅम्प पेपर, प्रत्येक पानावर गोल शिक्का, शेवटच्या पानावर लाल तिकीट, वर ठळक अक्षरात "कायम खुष खरेदीखत" आणि खाली "यापुढे सदर मिळकतीवर आमचा वा आमच्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही" असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं. रिटायरमेंटचे पैसे घातलेत त्यात. सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे गेले तर पहिला प्रश्न, सूची दोन (रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा) कुठंय? ती कुठून येणार, दस्त दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, रजिस्टरच झालेला नाही. तोपर्यंत विकणारा वारला, वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर मुलांची नावं आली आणि आता मुलं म्हणतात की वडिलांनी काय लिहून दिलं आम्हाला माहीत नाही, आजच्या भावाने पैसे द्या. काका म्हणाले, "अरे पण घरपट्टी माझ्या नावावर आहे, लाईटबिल माझ्या नावावर आहे." काय बोलणार त्यांना, घरपट्टीने मालकी ठरत नाही.

कायदा यात अजिबात गोलगोल नाहीये. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 17 सांगतं की 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री रजिस्टर झालीच पाहिजे, आणि कलम 49 सांगतं की रजिस्टर न केलेल्या अशा दस्ताने मिळकतीवर काही परिणाम होत नाही. कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) घेऊन "विकत घेतलं" म्हणणाऱ्यांसाठी सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय की त्याने मालकी जात नाही. उद्या त्याच जागेचं दुसऱ्या कुणाला रजिस्टर खरेदीखत झालं तर नोटरीवाला वर्षानुवर्षं कोर्टात चकरा मारत बसतो. आणि हो, स्टॅम्प पेपर खराच असतो, आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेला, पण कागद सरकारी आहे म्हणून व्यवहार सरकारदरबारी नोंदला गेला असं होत नाही.

लोक असं का करतात तेही कळतं मला. महापालिका हद्दीत साधारण 6 टक्के स्टॅम्प ड्युटी, वर 1 टक्का नोंदणी फी (ती जास्तीत जास्त 30 हजार), वीस लाखाच्या जागेला लाखाच्या वर खर्च जातो, साध्या माणसाला जड आहेच. पण आडगाव-म्हसरूळकडे नाहीतर पाथर्डी फाट्याच्या पुढे कुणी गुंठा-दोन गुंठे दाखवून "सध्या नोटरी करू, रजिस्ट्री नंतर बघू" म्हणत असेल तर खर्च वाचवणं हे कारण नसतंच बऱ्याचदा. ती शेतजमीन असते, एनए (बिगरशेती) झालेली नसते, तुकडेबंदीमुळे (शेतीचे फार लहान तुकडे विकायला बंदी) रजिस्ट्री होत नसते, घेणारा शेतकरी नसतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं आणि पैसे मात्र तो पूर्ण घेतो. 2025 मध्ये सरकारने तुकडेबंदीत सवलत दिली, आधीच असे व्यवहार करून बसलेल्यांना त्याचा आधार होईल, पण त्यातही ड्युटी भरून रजिस्ट्रीच करावी लागते.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो हक्कसोडचा, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचं लिहून घेण्याचा. बहीण माहेरी आली की तिला सीबीएसला (नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक) कोर्टाजवळ न्यायचं, "फक्त एक सही कर ताई" म्हणायचं आणि अर्ध्या तासात विषय संपला असं समजायचं. संपत नाही तो, हक्कसोडपत्र रजिस्टरच लागतं. दुय्यम निबंधकाकडे फोटो निघतो, अंगठा लागतो, दोन ओळखणारे लागतात आणि दस्त लिहून दिलाय हे तुम्हाला मान्य आहे का असं तिला स्वतःला विचारलं जातं. तो एक प्रश्न तिला विचारला जाणं फार गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं. वडिलोपार्जित मिळकतीत सख्ख्या भावाबहिणींमध्ये याची स्टॅम्प ड्युटी काही शे रुपये आहे, राहतं घर मुलाला-मुलीला बक्षीस द्यायला मूळ ड्युटी 200 रुपये, मग इथे तरी पैशाचं कारण कशाला सांगायचं?

भाड्याचं पण तेच, अकरा महिन्यांचा करार नोटरी करून चालतो हा गैरसमज आहे, महाराष्ट्रात तो रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे. मृत्युपत्राला उलट नोटरीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार नीट हवेत.

माझं म्हणणं असं आहे की जागेच्या प्रत्येक नोटरी कागदावर पहिल्याच पानावर मोठ्या मराठी अक्षरात छापायला लावा, "या कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही." नोटरी करणारे चांगले वकील हे तोंडी सांगतातही, पण घाईत कोण ऐकतंय.

आणि ज्यांच्या कपाटात असा जुना कागद पडलाय त्यांनी विकणारा हयात आहे तोवर त्याला गाठा, आजच्या तारखेचं खरेदीखत करून रजिस्टर करून घ्या, ड्युटीला पैसे कमी पडत असतील तर उसने घ्या पण करा, आणि सूची दोन हातात आली की त्याच आठवड्यात फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावायचा, अर्ज टाका.