फ्रेम मोजल्या म्हणून मी विकला गेलो?

एकच गेम दोन वेगवेगळ्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनवर, कसा चालतो ते मोजण्यात अख्खा शनिवार-रविवार घातला मी. दोन्ही कन्सोल एकाच टीव्हीवर, एकाच कॅप्चर कार्डातून, म्हणजे पडद्यावरचं चित्र रेकॉर्ड करणाऱ्या उपकरणातून. दोन्हीकडे गेमचा एकच पॅच, म्हणजे दुरुस्तीची एकच आवृत्ती, आहे ना, ते आधी तपासलं. मग तोच रस्ता, तोच पाऊस, तीच पुलावरची लढाई, पुन्हा पुन्हा. हात दुखेपर्यंत. त्यानंतर रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं. निघालं ते एवढंच: एका मशीनवर गेम सेकंदाला साठ फ्रेमला, म्हणजे साठ चित्रांना, चिकटून राहतो, दुसऱ्यावर त्या पुलावर पन्नासच्या खाली घसरतो आणि मधूनच चित्र आडवं फाटतं. बाकी ठिकाणी फरक शोधूनही सापडत नाही. हे मी आपणहून कुणाला ऐकवायला गेलो नव्हतो. मित्रानंच विचारलं होतं, ‘हा गेम कशावर घेऊ?’ मी सांगितलं. उत्तर काय आलं? ‘तू काय, पहिल्यापासून त्यांचाच माणूस.’

त्यांचाच माणूस! दोन्ही मशीन मी स्वतःच्या पैशानं घेतलीत. दोन्हींवर माझे शेकडो तास गेलेत. आणि मी कुणाचा माणूस ते ठरणार कशावरून, तर पुलावर फ्रेम पडल्या यावरून.

गंमत म्हणून सांगत नाही, खरंच संताप येतो, कारण गेल्या वर्षी हाच मित्र माझी हीच पद्धत चारचौघांत डोक्यावर घेऊन नाचला होता. तेव्हा दुसऱ्या एका गेममध्ये त्याच्या मशीननं बाजी मारली होती. तेव्हा मी ‘अभ्यासू’ होतो. ‘याच्याकडून शिका, कसं मोजायचं ते,’ असं म्हणाला होता. टीव्ही तोच, कार्ड तेच, मोजणारा तोच. उत्तर बदललं आणि मी सुपारीबाज झालो. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसांबाबत ऐकलं होतं, आता प्लॅस्टिकच्या डब्यांबाबतही तेच.

अरे, फ्रेमरेट हे मत नाही. साठ फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र. तेवढ्या वेळात चित्र तयार झालं नाही तर ते पडद्यावर उशिरा येतं किंवा अर्धवट येतं. झालं किंवा नाही झालं. यात माझ्या आवडीला शिरायला जागा कुठे आहे? कथा कशी वाटली, कंट्रोलर हातात कसा बसतो, यावर खुशाल भांडा माझ्याशी. मोजलेल्या आकड्यावर भांडायचं असेल तर तुम्हीही मोजा आणि माझी चूक दाखवा. पण मोजायचं नाही, फक्त मोजणाऱ्याचं गोत्र विचारायचं!

हे भांडण आजचं नाही, हे मला माहीत आहे. नव्वदच्या दशकातही सेगा कंपनीच्या कन्सोलवाले प्रोसेसरचा वेग सांगायचे, साडेसात मेगाहर्ट्झच्या वर, आणि समोरच्या सुपर निन्टेंडोचा जेमतेम साडेतीन. निन्टेंडोवाले रंग मोजून दाखवायचे, पडद्यावर एका वेळी २५६, सेगाच्या मशीनवर ६४. दोघांचे आकडे खरे. पण ज्या पट्टीवर आपलं मशीन उंच दिसतं तीच पट्टी खरी, दुसरी मोजायचीच नाही. २०२० मध्ये नवी मशीन आली तेव्हा शब्द तेवढे बदलले. एकीकडे एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२ टेराफ्लॉप्स (ग्राफिक्सची आकडेमोड करायची ताकद), दुसरीकडे प्लेस्टेशन ५ चे १०.२८. प्लेस्टेशनवाले लगेच एसएसडीवर, म्हणजे गेम साठवणाऱ्या मेमरीच्या वेगावर, आले: सेकंदाला ५.५ जीबी विरुद्ध २.४ जीबी. गेम अजून कुणी सुरूही केला नव्हता आणि निकाल लागून गेला होता. मग त्या नोव्हेंबरमध्ये असॅसिन्स क्रीड वल्हाला हा गेम आला आणि सुरुवातीच्या आवृत्तीत जास्त टेराफ्लॉप्सच्या मशीनवरच चित्र जास्त फाटत होतं. कागदावरचा आकडा म्हणजे गेम नव्हे, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. ज्यांनी ते मोजून सांगितलं त्यांनाच शिव्या पडल्या.

२०१० चा मार्च-मे आठवा. मार्चमध्ये फायनल फँटसी १३ आला: प्लेस्टेशन ३ वर ७२०पी, म्हणजे चित्राच्या ७२० आडव्या ओळी, एक्सबॉक्स ३६० वर ५७६पी. मे महिन्यात रेड डेड रिडेम्प्शन आला: या वेळी ३६० वर ७२०पी आणि प्लेस्टेशन ३ वर ६४०पी. दोन महिन्यांत पारडं पूर्ण उलटं. यात कसलं कारस्थान नाही. फायनल फँटसी मुळात प्लेस्टेशन डोळ्यांसमोर ठेवून बांधला होता. आणि दोन्ही मशीनच्या पोटातली रचना वेगळी होती: ३६० मध्ये ५१२ एमबी मेमरी एकत्र, शिवाय चित्रासाठी १० एमबीची खास वेगवान मेमरी, प्लेस्टेशन ३ मध्ये २५६ आणि २५६ असे दोन वेगळे कप्पे, आणि सेल नावाचा भलता अवघड प्रोसेसर. कुठल्या टीमनं कुठल्या मशीनवर किती घाम गाळला, त्यावर सगळं ठरायचं. बेयोनेटाचं उदाहरण घ्या. मूळ टीमनं तो ३६० साठी बनवला, प्लेस्टेशन ३ ची आवृत्ती, म्हणजे पोर्ट, दुसऱ्यांनी केली, आणि ती रखडत चालायची. इतकं सरळ आहे. पण ‘पोर्ट नीट झाला नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही लोकांच्या. ‘तुलना करणारा विकला गेलाय’ हे पटकन निघतं.

आणि पक्षपात नसतोच असं मी म्हणत नाहीये! असतो, भरपूर असतो. पण तो कुठे असतो ते बघा तरी. सगळ्यात जास्त तो आळसात असतो. एका कन्सोलच्या रंगांचं आउटपुट फुल रेंजवर, दुसऱ्याचं लिमिटेडवर, आणि कॅप्चर कार्ड दोन्हींना एकच समजतं. कार्डानं लिमिटेड धरलं तर फुलवाल्या बाजूचा तपशील काळ्या रंगात बुडतो, फुल धरलं तर लिमिटेडवाली बाजू धुऊन काढल्यासारखी फिकट दिसते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे ० ते २५५ की १६ ते २३५, एवढाच तो घोळ, सेटिंगमधलं एक बटण. त्यावरून लोकांनी ‘या मशीनचे रंगच मेलेले’ असे निकाल वर्षानुवर्षं दिलेत. किंवा टेक्स्चर, म्हणजे भिंती-जमिनीवरची बारीक नक्षी, अजून लोड होतंय तेवढ्यात एका बाजूचा स्क्रीनशॉट घ्यायचा, दुसऱ्या बाजूचा पाच सेकंद थांबून. एका चित्रात ढग आलेत, दुसऱ्यात ऊन, आणि म्हणे लायटिंग काढून टाकलं. डायनॅमिक रिझोल्यूशन (गरजेप्रमाणे बदलणारा चित्राचा बारकावा) असलेल्या गेमची एकच फ्रेम पकडायची आणि तिच्यावरून अख्ख्या गेमचं रिझोल्यूशन जाहीर करायचं, जेव्हा ते दर क्षणाला खालीवर होत असतं. एकीकडे पहिल्या दिवशीचा पॅच टाकलेला, दुसरीकडे डिस्कवरचा जुनाच. एका टीव्हीवर गेम मोड चालू, दुसऱ्यावर भडक रंगांचा. आणि मग चारशे टक्के झूम करून गवताच्या पात्यावर लाल गोल काढायचा.

यूट्यूबवर साठ फ्रेमचे व्हिडिओ २०१४ च्या ऑक्टोबरपासून दिसायला लागले. त्याआधी सगळं तीसच फ्रेममध्ये दिसायचं. म्हणजे साठ फ्रेमच्या गेमची निम्मी चित्रं वाटेतच गळून पडायची, आणि ते बघून लोक छातीठोक सांगायचे, ‘काहीच फरक नाही, मी स्वतः डोळ्यांनी बघितलं.’ काय बघितलं डोळ्यांनी? जे मुळात दाखवलंच नव्हतं ते कसं दिसणार?

असं विचारा ना मला! रेंज काय ठेवली होती, पॅच कोणता, किती वेळा चालवलं, व्हीआरआर (टीव्हीला गेमच्या फ्रेमशी जुळवून घ्यायला लावणारं सेटिंग) बंद होतं का. यातला एक जरी प्रश्न कुणी विचारला असता तर मी आनंदानं रात्रभर बसून उत्तर दिलं असतं. चूक निघाली असती तर पुन्हा मोजलं असतं. एकदा निघालीही होती, माझं एक रेकॉर्डिंग चुकीच्या सेटिंगवर झालं होतं, मी ते फेकून पुन्हा केलं. पण तिथपर्यंत येतो कोण? साप म्हणून भुई धोपटायची आणि दमले की घरी जायचं.

या आरडाओरड्याची किंमत कोण मोजतं ते सांगतो. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये असॅसिन्स क्रीड युनिटीच्या एका वरिष्ठ निर्मात्यानं सांगून टाकलं की गेम दोन्ही कन्सोलवर ९००पी आणि तीस फ्रेमवरच ठेवलाय, वादविवाद नकोत म्हणून. कंपनीनं नंतर सारवासारव केली, ते वेगळं. पण वाद नकोत म्हणून गेमची मापं ठरवली जाऊ शकतात, हा विचार एका बनवणाऱ्याच्या तोंडून आला, हेच भयंकर आहे. आणि पुढे गेम आल्यावर काय दिसलं? गर्दीच्या दृश्यांत प्लेस्टेशन ४, ज्याचं ग्राफिक्स तगडं, तेच मागे पडत होतं, कारण तिथे सगळा भार प्रोसेसरवर होता आणि तो एक्सबॉक्स वनचा थोडा वेगवान, १.७५ गिगाहर्ट्झ विरुद्ध १.६. किती छान शिकण्यासारखी गोष्ट होती ही! त्यावर बोलायचं सोडून दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या उरावर बसली. गेम मात्र दोन्हीकडे रखडत होता. दोन्हीकडे! कंपनीला शेवटी माफी मागावी लागली.

स्कायरिमचं तर मी कधीच विसरणार नाही. ११ नोव्हेंबर २०११ ला आला. प्लेस्टेशन ३ वर तो सुरुवातीला बरा चालायचा, पण जसजशी सेव्ह फाइल फुगत जाई तसतसा गेम गुडघे टेकायचा. जितकं जास्त प्रेमानं खेळाल तितकी वाईट शिक्षा. डॉनगार्ड हा त्याचा जोड-भाग ३६० वाल्यांना २०१२ च्या जूनमध्ये मिळाला, प्लेस्टेशन ३ वाल्यांना फेब्रुवारी २०१३ उजाडावा लागला. तेव्हा सगळ्यात मोठ्यानं ओरडायला हवं होतं ते प्लेस्टेशनवाल्यांनी. फसवणूक त्यांची झाली होती. पण मी ज्यांना ओळखत होतो त्यातले निम्मे काय म्हणत होते? ‘माझ्याकडे तर मस्त चालतो.’ ‘हे सगळं ३६० वाल्यांनी उठवलंय.’ स्वतःचाच सेव्ह अडकलेला, आणि तरी त्या डब्याची इभ्रत राखायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्यानं अर्धवट माल विकला तो मोकळा, आणि अर्धवट आहे म्हणून सांगणारा गुन्हेगार.

खरा पक्षपात बघायचाय? सायबरपंक २०७७. डिसेंबर २०२०. बाजारात येण्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती दिली. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनची आवृत्ती तुलनेसाठी कुणाच्या हाती पडूच दिली नाही. १० तारखेला गेम आला, जुन्या कन्सोलवरच्या लोकांना काय विकलंय ते कळलं, आणि १८ तारखेला प्लेस्टेशनवाल्या सोनीनं तो स्वतःच्या दुकानातूनच काढून टाकला. परत यायला जून २०२१ लागला. तुलना दाबली की असं होतं. ज्यांनी आधीच पैसे भरून ठेवले होते त्यांना एका जरी माणसानं एक फ्रेम मोजून दाखवली असती तर ते वाचले असते. तो मोजणारा माणूस तुम्हाला नको असतो. तो आला की विचारता, ‘कुणाकडून पैसे घेतले?’

मला कुणाकडून काही मिळत नाही. झोप जाते, एवढंच. मी हे करतो कारण बहुतेकांकडे एकच कन्सोल असतो, आणि दोन्ही असलेल्यांपैकी कुणीतरी सरळ सांगायला हवं की यात आत्ता घ्या, त्यात दोन पॅच थांबा. एवढंच सांगायचं असतं. कुठलं मशीन थोर, कुठल्या मशीनची माणसं हुशार, हे मला कधीच सांगायचं नव्हतं.

त्या मित्रानं शेवटी गेम घेतला, त्याच्याच मशीनवर. माझा शब्द मानून कसा चालेल! तीन आठवड्यांनी रात्री उशिरा फोन. आवाज खाली. ‘अरे, ते एका ठिकाणी फार अडखळतंय. माझ्या मशीनमध्ये काही बिघाड असेल का? आतली धूळ वगैरे साफ करून बघू?’

मी विचारलं, कुठे.

‘पुलावर.’

मशीनला काही झालेलं नाही, असं सांगितलं मी त्याला. सेटिंगमधला एक पर्याय बंद करायला सांगितला, त्यानं थोडं सुधारतं. आणि म्हटलं, तुझं रेकॉर्डिंग जोडून कंपनीकडे तक्रार टाक, माझे आकडेही देतो, चारजणांनी टाकली तर पॅच लवकर येईल.

‘नको रे,’ म्हणाला. ‘तिकडच्यांना कळलं तर हसतील.’